सोहिरोबानाथ आणि आपले ग्वाल्हेर

चैत्र शुद्ध नवमीस दुपारी बारा वाजता रामजन्माचा पाळणा म्हणून झाला, तरी आमच्या घरी सुंठवडा लगेच वाटला जात नसे. वडील तंबोरा खाली ठेवीत नसत. पाळण्यामागून ते सोहिरोबानाथांचे एक पद म्हणत आणि मगच प्रसाद होई. लहानपणी या उशिराचा मला रागच येई. रामाच्या जन्मदिवशी हे आणखी कोण, असे मी एकदा आईला विचारले. तिने सांगितले, की याच तिथीला उज्जैनीच्या मठातून एक जोगी उठून गेला, तो पुन्हा कोणास दिसला नाही. आणि तो इकडचा नव्हे, तर दूर गोमंतकातल्या पेडण्याकडचा होता.

महादजी शिंदे, जिवबादादा बक्षी, लखबादादा लाड ही नावे आपल्या शहरातील जुन्या मराठी घरांना परकी नाहीत. परंतु ज्याने महादजींसारख्या पुरुषापुढे मान तुकविली नाही, त्या सोहिरोबांची आठवण आता इकडे फारशी निघत नाही. गोमंतक व सावंतवाडी या भागांत मात्र ते घरचे दैवत आहे. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयास त्यांचे नाव दिलेले आहे. तिकडची मंडळी त्यांना आपला संत म्हणतात ते योग्यच आहे. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध आपल्या प्रांतात गेला, हेही विसरता कामा नये.

तेरेखोल नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे दक्षिणेच्या काठावर केरी हे गाव आहे. केरीला लागूनच पालये. दोन्ही गावे पेडणे महालातील. याच नदीने आत वर गेले, की बांदे लागते. ते पूर्वीच्या सावंतवाडी संस्थानात. नाथांचे मूळ घराणे पालये गावचे संझगिरी. पुढे बांद्यास वस्ती झाली आणि आंबिये हे आडनाव रूढ झाले. बांद्यासच शके १६३६ म्हणजे इ. स. १७१४ मध्ये त्यांचा जन्म झाला. घराकडे बांद्याचे कुळकर्ण होते. जमिनीचे हिशेब, वसुलाच्या याद्या, वाडी दरबारचे जाबसाल यांतच या तल्लख ब्राह्मणाचे पहिले आयुष्य गेले. घरात सुबत्ता होती, हातात दौत-लेखणी होती, आणि डोक्यावर सरकारचा धाक होता. पुढे ज्याने धाक झुगारून दिला, त्याने तो आधी पुरेपूर अनुभवला होता, हे ध्यानात ठेवावे.

वयाच्या पस्तिशीच्या सुमारास त्यांना वाडीच्या दरबारचे तातडीचे बोलावणे आले. बांद्याहून वाडीस जाताना वाटेत इन्सुली लागते. परंपरा अशी सांगते, की दुपारच्या वेळी ते तेथे झऱ्याकाठी झाडीत टेकले. जवळ पिकलेला फणस होता, तो फोडला. तोंडात घालणार तोच समोर एक नाथपंथी योगी उभा राहिला आणि त्याने खाण्यास मागितले. सोहिरोबांनी निवडक गरे आधी त्याच्यापुढे ठेवले. तो योगी म्हणजे साक्षात गहिनीनाथ होय, आणि त्याने मस्तकावर हात ठेवून उपदेश दिला, अशी सांप्रदायिकांची श्रद्धा आहे. गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू. त्यांचा काळ सोहिरोबांच्या कितीतरी शतके आधीचा. तेव्हा इतिहासाच्या काट्याने ही गोष्ट तोलू नये. तिच्यातील खूण मात्र पाहावी. राजाचे बोलावणे आलेला माणूस वाटेत थांबतो, स्वतःच्या तोंडचा घास भिकाऱ्यास देतो, आणि नंतर राजाकडे जाण्याचे त्याला प्रयोजनच उरत नाही. सोहिरोबांनी कुळकर्ण सोडले. सरकारी दप्तर ज्याचे त्यास देऊन टाकले.

त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे त्यांच्या ग्रंथरचनेची होत. ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’, ‘पूर्णाक्षरी’, ‘अद्वयानंद’ आणि ‘महदनुभवेश्वरी’ हे त्यांचे ग्रंथ. यांखेरीज अभंग, पदे, आरत्या अशी सुटी रचना विपुल आहे. विषय नाथपंथाचा, म्हणजे योग आणि अद्वैत यांचा. पण भाषा घरच्या माणसाशी बोलावे तशी. आतला ज्ञानाचा दिवा जपा, हरीच्या स्मरणावाचून दिवस दवडू नका, अंगाला राख फासली म्हणून कोणी जोगी होत नाही, हे त्यांचे सांगणे. गाणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या पदांत आणखी एक गुण आहे. अक्षरे अशी पडतात, की ताल आपोआप उभा राहतो. शिकाऊ मुलास मी हे पद देतो, तेव्हा त्याला सम शोधावी लागत नाही. शब्दच त्याला समेवर आणून सोडतात. भजनाच्या मेळ्यात झांजेवर बसणारे आणि तंबोऱ्यावर एकट्याने म्हटले तरी रंगणारे असे पद रचणे सोपे नव्हे.

साठी उलटण्याच्या सुमारास, म्हणजे इ. स. १७७४ च्या आसपास, त्यांनी घर सोडले आणि ते तीर्थाटन करीत उत्तरेकडे निघाले. कोकणातील माणसाने त्या वयात घाट चढून नर्मदेपलीकडे यावे, ही गोष्ट वाटते तितकी नवलाची नव्हती. पेडणे-वाडीकडून शिंद्यांच्या राज्याकडे येणारी वाट तेव्हा चांगलीच मळलेली होती. १७६३ मध्ये वाडीचे खेम सावंत यांचे लग्न जयाप्पा शिंद्यांच्या कन्येशी झाले होते, आणि पुढे शिंद्यांच्या या सोयरिकीमुळे वाडीकरांना बादशहाकडून राजेबहादूर ही पदवी मिळाली. त्याही आधीपासून गोमंतकातील सारस्वत मंडळी लेखणी घेऊन शिंद्यांच्या चाकरीत येत होती. त्यांतले सर्वांत मोठे नाव जिवबादादा केरकर. पालयेशेजारच्या केरी गावचा हा पुरुष शिंद्यांच्या फौजेचा बक्षी झाला. महादजींच्या पश्चात, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेचे नेतृत्व त्यानेच केले, आणि १७९६ मध्ये तो वारला.

दोन दूरच्या मुलखांत असा जिव्हाळा कसा जडतो, याचे एक उदाहरण युरोपच्या इतिहासात आहे. स्कॉटलंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्र आहे आणि इंग्लंडही आहे. दोघांनाही इंग्लंडचे भय, म्हणून १२९५ मध्ये त्यांनी एकमेकांस साह्य करण्याचा तह केला. तह लढाईचा, पण त्याच्या मागोमाग स्कॉटलंडचे शिपाई फ्रान्सच्या राजाचे अंगरक्षक झाले, तिकडचे विद्यार्थी पॅरिसच्या विद्यापीठात शिकू लागले, फ्रान्सची द्राक्षमदिरा स्कॉटलंडच्या बंदरांत उतरू लागली, आणि स्वयंपाकघरातील कितीतरी फ्रेंच शब्द स्कॉटलंडच्या बोलीत मुरले. १५६० मध्ये तो तह संपला, पण हे शब्द आणि ही आवड राहिली. गंमत अशी, की या दोन्ही जातींची माणसे महादजींच्या पदरी पुन्हा एकत्र आली. कवायती पलटणी उभारणारा द बॉयन हा फ्रेंच बोलणाऱ्या सॅव्हॉय प्रांताचा, त्याच्यामागून आलेला पेराँ फ्रेंच, आणि आग्र्यास त्यांच्या तोफा ओतणारा सँगस्टर स्कॉटलंडचा. त्याच छावणीत जमाखर्चाच्या वह्यांवर आणि घोड्यांच्या पाठीवर पेडण्याची माणसे होती. प्रत्येकजण काही मिळवावयास आला होता. काही नको असलेला माणूस बहुधा एकच आला, तो म्हणजे सोहिरोबा.

तेव्हा आपले लष्कर हे शहर वसलेले नव्हते. ते पुढे दौलतरावांच्या कारकिर्दीत, १८१० मध्ये वसले. शिंद्यांची गादी उज्जैनीस होती. ग्वाल्हेरचा किल्ला १७८० मध्ये इंग्रजांनी घेतला, तो महादजींनी १७८३ मध्ये परत मिळविला. आणि १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाने आपला सारा अधिकार त्यांच्या हाती दिला. त्या वेळी हिंदुस्थानात त्यांच्याएवढा प्रबळ पुरुष दुसरा नव्हता. पण महादजी केवळ तलवारबहाद्दर नव्हते. ते कृष्णभक्त होते, स्वतः भक्तिपर पदे रचीत, आणि बीडच्या मन्सूरशहा या अवलियास गुरू मानीत. शिंद्यांच्या घराण्यात त्या अवलियाचा मान पुढेही पिढ्यान्‌पिढ्या चालला. साधू दारी आला तर उठून सामोरे जाणारा असा हा सरदार होता. म्हणूनच पुढची हकिकत मनास अधिक लागते.

ती हकिकत आख्यायिकेच्या रूपानेच आपल्यापर्यंत आलेली आहे. जिवबादादांना आपल्या मुलखातील या थोर पुरुषाचा अभिमान होता. त्यांनी नाथांना महादजींच्या भेटीस नेले. महादजींनी आदर केला, आसन दिले, आणि आपली कविता त्यांच्यापुढे ठेवली. भोवती मानकरी बसले होते. कोणत्याही शहाण्या माणसाने अशा वेळी काय बोलावे हे ठरलेलेच असते. दोन गोड शब्द बोलले असते, तर मठास गाव लागला असता आणि शिष्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय झाली असती. नाथांनी कवितेची स्तुती केली नाही. स्वतःच्या मोठेपणासाठी केलेली रचना भक्तीच्या मोलाची नव्हे, अशा आशयाचे ते बोलले. सरदार संतापले. सभा स्तब्ध झाली. जिवबादादांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पनाच करावी. एका बाजूस अन्नदाता धनी आणि दुसऱ्या बाजूस गावचा गुरू! नाथ मात्र उठले, आणि त्यांनी तेथल्या तेथे हिंदुस्थानी भाषेत एक पद म्हटले. ज्याला काही नको त्याला धनी काय देणार आणि त्याचे काय हिरावून घेणार, असा त्याचा भाव. पद संपताच ते चालू लागले. महादजींचा राग पुढे ओसरला व त्यांना पश्चात्ताप झाला, असे सांगतात.

या आख्यायिकेत मला नेहमी दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली अशी, की नाथांनी उत्तर दिले ते इकडच्या भाषेत. तेरेखोलच्या काठी वाढलेल्या, आयुष्यभर मराठीत ओव्या रचलेल्या म्हाताऱ्याने उत्तरेची बोली एवढी आत्मसात केली होती, की भरल्या सभेत रागाच्या क्षणीही ती तोंडी आली. पाहुणा म्हणून राहिलेल्या माणसाचे हे लक्षण नव्हे. दुसरी गोष्ट अशी, की सभेने ते पद जपून ठेवले. ज्यांच्या धन्याचा त्यात अपमान होता, त्यांच्याच मुखांतून ते इकडे पसरले आणि परत कोकणात गेले.

यानंतर नाथ उज्जैनीस मठ करून राहिले. इकडे त्यांच्या पाठीमागे त्यांचा मुलूख बदलत होता. १७८१ ते १७८८ या सात-आठ वर्षांत डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल वाडीकर भोसल्यांच्या हातून एकामागून एक पोर्तुगीजांकडे गेले. नाथांनी पालये आणि बांदे सोडले, तेव्हा ती एकाच राज्यातील दोन गावे होती. आता त्यांच्यामध्ये परराज्याची सरहद्द पडली. पेडण्यावरचे ते निशाण १९६१ च्या डिसेंबरात उतरले. मधल्या पावणेदोनशे वर्षांत सरहद्दीच्या दोन्ही अंगांना राज्य वेगळे, नाणे वेगळे, कोर्टकचेरीची भाषा वेगळी अशी स्थिती होती. परंतु बांद्याच्या देवळात जे पद, तेच पेडण्याच्या आणि डिचोलीच्या देवळात. चौकीवरच्या शिपायाला माणसाची गाठोडी सोडून पाहता येतात. कंठातले पद कसे पाहणार?

शके १७१४ च्या रामनवमीस, म्हणजे इ. स. १७९२ मध्ये, नाथ उज्जैनीच्या मठातून बाहेर पडले. वय अठ्ठ्याहत्तरीचे होते. समाधी नाही, पादुका कोठे ठेवल्या ते नाही. त्याच वर्षी जून महिन्यात महादजी पुण्यास पोहोचले, आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस त्यांचे देहावसान झाले. दोघांची पुन्हा गाठ पडली नाही.

नाथ गेले, पण वाट बंद झाली नाही. पुढे तिच्यावरून गाणे जाऊ-येऊ लागले. १८७१ मध्ये सावंतवाडीच्या मुलखात जन्मलेले रामकृष्णबुवा वझे गाण्याच्या ओढीने ग्वाल्हेरीस आले आणि निसार हुसेनखाँसाहेबांपाशी शिकले. या खाँसाहेबांची दरबारची चाकरी सुटलेली होती आणि पंडित घराण्याने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले होते. राजाश्रय गेला तरी विद्या उघड्यावर पडली नाही, ती अशा घरांमुळे. वझेबुवांनी ती दक्षिणेस नेली आणि मंगेशीच्या दीनानाथांसारख्या गोमंतकीय गळ्यांत उतरविली. पुढे त्याच मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींनी (१९२९ ते १९९८) सोहिरोबांच्या पदांस चाली लावल्या आणि ती आकाशवाणीवरून, तबकड्यांवरून घरोघर पोहोचली. ज्यांनी नाथांचे नाव कधी ऐकले नव्हते, त्यांच्याही ओठांवर त्यांचे शब्द आले.

आता थोडे घरचे लिहितो. वडील दरबारच्या अखेरच्या काळात, अगदी कोवळ्या वयात, गवई म्हणून हजेरीस लागले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. त्यामुळे दरबार मी पाहिला तो त्यांच्या बोलण्यातूनच. महादजींच्या सभेतले म्हणून सांगितले जाणारे ते पद त्यांना येत असे. पण ज्या घराण्याचे मीठ खाल्ले, त्याच्या कोणत्याही समारंभात त्यांनी ते कधी म्हटले नाही. फक्त रामनवमीस, घरी, दार लोटून म्हणत. वयात आल्यावर मी हे भिरुतेचे लक्षण मानले, आणि तसे त्यांना बोलूनही दाखविले. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, की ज्याने कधी काही घेतले नाही त्याने ते सभेत म्हणावे. मी पगार घेतला आहे, तेव्हा मी ते स्वतःला ऐकविण्यासाठी म्हणतो.

त्या उत्तराचा अर्थ कळण्यास मला पुष्कळ वर्षे लागली. आता राजे नाहीत. पण देणारे आहेत, आणि देणाऱ्यांच्या कविताही आहेत. गाणे शिकवून पोट भरणाऱ्यास समारंभाच्या अध्यक्षांची स्वागतगीते बांधावी लागतात. मीही बांधली आहेत. एकदा तर अध्यक्षांनी स्वतः लिहिलेले गीत माझ्या हाती आले. त्यात मात्रा जुळत नव्हत्या आणि भावही नव्हता. मी ते उत्तम आहे असे सांगितले, चाल लावली, आणि मुलींकडून म्हणवून घेतले. घरी येऊन तंबोरा काढला, तेव्हा ते जुने पद गळ्यातून निघेना. सूर लागत होता, शब्द लागत नव्हते.

स्कॉटलंड-फ्रान्सचा तह संपला, शिंदे-सावंतांचे सोयरपणही इतिहासजमा झाले. पेडण्याच्या मंडळींनी इकडे मिळविलेल्या जहागिरी व इनामे आता कागदोपत्रीच उरली आहेत. जो रिकाम्या हातांनी आला आणि रिकाम्या हातांनी गेला, त्याचे तेवढे दोन्हीकडे शिल्लक आहे. आपल्या ढोलीबुवांच्या मठातील कीर्तनपरंपराही नाथपंथाचीच. तानसेन समारोहाचा आरंभ आजही ढोलीबुवांच्या हरिकथेने होतो. त्या मठाच्या गावी सोहिरोबांचे स्मरण व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

पुढल्या रामनवमीस माझ्या शिष्यवर्गापैकी पाच-सहा मुले आमच्या घरी पाळण्यानंतर नाथांची पदे म्हणतील. कोणी अध्यक्ष नाहीत, हारतुरे नाहीत. ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी अवश्य यावे. सुंठवडा मिळेल, मात्र थोडा उशिरा.